डबी कुठल्या हवेत मोजली?

१

ऑक्टोबरच्या अठरा तारखेला, शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, दक्षिण जर्मनीतल्या वायलरबाखच्या रेल्वे फाटकात एक चंदेरी कूपे गाडी बंद पडली. गाडी एकाहत्तर सालची. चालवीत होत्या दंतवैद्य मोमे लोरेन्झेन यांच्या पत्नी. इंजिनाने आधी काळा धूर ओकला, मग दोन आचके दिले आणि मागची चाके रुळांमध्ये असतानाच ते मुके झाले. दोन सायकलस्वारांनी गाडी ढकलत पलीकडे नेली. त्यानंतर चार मिनिटांनी ट्युबिंगनची आगगाडी तिथून धडधडत गेली. कोणाला खरचटलेही नाही.

दोष लगेच सापडला. या वयाच्या गाड्यांत इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे हे मुठीएवढी एक धातूची डबी ठरवते. इंजिन किती जोराने श्वास ओढते आहे ते एका रबरी नळीतून या डबीला कळते. आतला पातळ पडदा तो दाब जोखतो आणि त्याबरहुकूम पेट्रोल सुटते. पडद्याला चीर गेली की डबीचा अंदाज चुकतो आणि इंजिन पेट्रोलात बुडते. अशा डब्या आता नव्या बनत नाहीत. कुठल्यातरी मोडीतल्या गाडीतून निघालेली डबी घ्यायची, तपासून घ्यायची आणि बसवायची, एवढाच मार्ग उरला आहे.

या डबीचा पडदा चिरलेला होता. आणि चिरेच्या दोन्ही कडांवर वर्षानुवर्षांचे काजळ बसले होते. चीर जुनी होती, यात वाद संभवत नव्हता.

वाद होता तो चिठ्ठीबद्दल. डबीच्या मानेला लाल दोऱ्याने पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधलेली होती. तिच्यावर नऊ ऑक्टोबर ही तारीख, खाली दोन आकडे आणि शेवटी एक शब्द: ‘हेप्ट’. म्हणजे ‘धरते’. नळीतून हवा ओढून घेतली तर डबी ती पोकळी धरून ठेवते, पडदा शाबूत आहे, बेलाशक बसवा. त्या पंचक्रोशीत अशी चिठ्ठी एकच माणूस लिहीत असे. एकोणऐंशी वर्षांचा ऑयगेन वुर्स्टर. जुन्या गाड्यांच्या मंडळाने आपले तपासणीचे यंत्र डोंगराच्या पायथ्याशी, वायलरबाखमधल्या त्याच्या तळमजल्यावरच्या कार्यशाळेत ठेवले होते आणि त्याची चिठ्ठी पाहिल्यावर दुसरे काही पाहण्याची पद्धत नव्हती.

नोव्हेंबरच्या सहा तारखेला, गुरुवारी, ऑयगेनने गेरलिंडे आयखेलेला बोलावून घेतले. गेरलिंडे त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. सरकारी वजनमापे खात्यात तिने एकतीस वर्षे दुकानांचे काटे आणि पेट्रोलपंपांची मापे तपासण्यात घालवली होती. तिच्यावर कोणी प्रेम करीत नसे. विश्वास मात्र सगळे ठेवीत.

“शनिवारी चार वाजता मंडळाची बैठक आहे,” ऑयगेन म्हणाला. “यंत्र माझ्याकडे ठेवायचं की काढून घ्यायचं, यावर मत घेणार आहेत. आणि मी पोरीला, हायडेरोझेला, शब्द देऊन बसलोय. मंडळ म्हणालं की मी निकामी झालो, तर वृद्धाश्रमाच्या कागदावर सही करीन. दिलेला शब्द मी फिरवणार नाही.”

“मग मी काय करू?”

“तू आयुष्यभर मोजत आलीस. मला मोजून दे. डोकं ठिकाणावर आहे की नाही, तेवढं सांग.”

तिने चिठ्ठी त्याच्यासमोर धरली. “हे अक्षर?”

ऑयगेनने चष्मा कपाळावर सरकवला आणि चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. आडवी रेघ मारलेला सात, वरून उघडा राहिलेला चार.

“अक्षर माझंच आहे,” तो अखेर म्हणाला. “पण गेरलिंडे, ही डबी मी जन्मात पाहिलेली नाही.”

२

डबी मूळची ट्राउगोट क्युब्लरची. त्याचे कोठार डोंगराच्या माथ्यावर, होखश्टेटन गावात, सातशे नव्वद मीटर उंचीवर होते. जुन्या गाड्या विकत घेऊन त्यांचे सुटे भाग विकणे हा त्याचा धंदा. शिवाय मंडळाचा अध्यक्षही तोच. शनिवारची बैठक त्याच्याच कोठारात भरायची होती.

“आयखेलेबाई! माझ्या बापाचा बटाट्याचा काटा जप्त केला होतात तुम्ही. आठवतंय का?”

“साठ ग्रॅम खायचा तो.”

“कोण, बाप?”

“दोघेही. डबीचं बोला.”

क्युब्लर पोट धरून हसला. मग म्हणाला, “विकली मी, कबूल. पण तपासलेली नाही असं तोंडावर सांगून विकली. तपासायचं काम ऑयगेनचं, विकायचं माझं. मी चिठ्ठ्याबिठ्ठ्या लिहीत नाही.”

“मोजायचं यंत्र आहे तुमच्याकडे?”

“आहे की. हवा ओढायचा हातपंपही आहे. म्हणून काय झालं?”

“आणि नऊ तारखेला तुम्ही ऑयगेनकडे गेला होतात.”

“कॉफी प्यायला! दर गुरुवारी जातो.” त्याचे हसू मावळले. “बाई, मला म्हातारा आवडतो. पण लोरेन्झेनची बायको रुळावर अडकली होती. उद्या दुसरं कोणी अडकेल. अध्यक्ष म्हणून मी डोळे मिटून बसू?”

क्युब्लरचे म्हणणे रास्त होते. मात्र डबी नापास झाली असती तर ती त्यालाच परत घ्यावी लागली असती, हेही तितकेच खरे होते.

तिथून गेरलिंडे डोंगर अर्धा उतरून हाल्डेवर आली. घाटाच्या मध्यावर, साडेपाचशे मीटरवर, पंचवीसएक घरांची ही वस्ती. डॉक्टर लोरेन्झेन तिथेच राहत. मूळचे ते उत्तरेकडच्या समुद्रकाठचे. बारा वर्षे या श्वाबेन मुलखात काढूनही इथली बोली त्यांना चकवीत असे.

“मी डबी आठ तारखेला कुंपणावरून हायडेरोझेबाईंच्या हातात दिली,” ते म्हणाले. “शेजारीच राहतात, वडिलांकडे सारख्या जातात. दहाला त्यांनी चिठ्ठीसकट परत आणून दिली. मी बसवली. माझ्याकडे मोजायचं काही नाही हो. दात सोडून मला काही तपासता येत नाही.”

“चिठ्ठी वाचली होतीत?”

“वाचली ना. ‘हेप्ट’. उचलते. आता ही डबी काय उचलते, देव जाणे! पण ऑयगेननी लिहिलंय म्हणजे चांगलंच असणार, असं म्हटलं.”

गेरलिंडेला हसू आवरेना. श्वाबेनबाहेरच्या सगळ्या जर्मनीत या क्रियापदाचा अर्थ उचलणे असाच आहे. श्वाबेनचे लोक तेवढे ‘धर’ म्हणायचे असले की हाच शब्द वापरतात.

“हसा, हसा,” डॉक्टर म्हणाले. “इथे आलो त्याच वर्षी हायडेरोझेबाईंचा नवरा शिडीवर चढून पन्हळ साफ करत होता. मला ओरडला, ‘डॉक्टर, शिडी हेबा!’ तोच हा शब्द. मी उचलली. तो वर होता.”

“मग?”

“मग काय, दोन बरगड्या. अजून नाताळला वाईन पाठवतो मी.”

पलीकडच्या घरासमोर हायडेरोझे झाडू घेऊन पदपथ झाडत होती. त्या आठवड्याची झाडलोटीची पाळी तिची होती. पाळीची पाटी दाराच्या मुठीला लटकत होती. वयाने ती बावन्न वर्षांची. आई लवकर गेल्यामुळे तिचे सगळे बालपण वडिलांच्या कार्यशाळेत गेले होते.

“मावशी, मी काय सांगू? आठ तारखेच्या संध्याकाळी डबी बाबांच्या कार्यशाळेत, कामाच्या ओट्यावर ठेवली, दहाला उचलली. मधल्या काळात कार्यशाळा उघडीच असते. कोणीही येतं, कोणीही जातं.”

“त्यांना आठवत नाही म्हणतात.”

“तेच तर!” तिने झाडू भिंतीला टेकवला. “ऑगस्टमध्ये ते तळघराच्या पायरीवरून पडले, ते कळलं होतं ना तुला? पाच तास फरशीवर पडून होते. मी गेले तेव्हा ओठ निळे पडले होते. आणि पहिलं वाक्य काय बोलले माहितेय? ‘ओट्यावरचा दिवा बंद कर, वीज जळतेय.’” तिने झाडू पुन्हा उचलला. “मी रोज फोन लावते, आणि त्यांनी उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. तू त्यांना मोज, मावशी, खुशाल मोज. पण पाच तासांचं माप तुझ्याकडे आहे का?”

गेरलिंडेने घाट उतरायला सुरुवात केली.

३

शुक्रवारी सकाळी डबी ऑयगेनच्या ओट्यावर आली. पंचांसमोर होते तसे सगळे रीतसर व्हावे म्हणून गेरलिंडेने क्युब्लरलाही बोलावले होते.

या तपासणीत दोन आकडे घेतात. पहिला, नळी मोकळी ठेवून. त्याला ऑयगेन ‘रिकामा आकडा’ म्हणत असे. दुसरा, हातपंपाने ठरावीक हवा ओढून घेतल्यावर. त्यानंतर पाच मिनिटे थांबायचे आणि पंपावरचा काटा ढळतो का ते पाहायचे. ढळला नाही तर डबी धरते.

ऑयगेनने तारा जोडल्या. त्याच्या हाताला कंप नव्हता. रिकामा आकडा यंत्रावर उमटला: १.४७.

चिठ्ठीवर होते १.४२.

“पुन्हा कर,” गेरलिंडे म्हणाली.

त्याने तारा काढल्या, टोके पुसली, पुन्हा जोडल्या. १.४७. मग तिने स्वतः जोडल्या. १.४७.

क्युब्लरने सुस्कारा सोडला. “ऑयगेन, राग मानू नकोस. पण पडद्याचं राहू दे, तुला साधा आकडासुद्धा नीट वाचता आलेला नाही. सत्तेचाळीसचे बेचाळीस लिहिलेस.”

“यंत्र चुकलं असेल,” गेरलिंडे म्हणाली.

“हे यंत्र चुकत नाही,” ऑयगेन स्वतःच म्हणाला. आपल्या विरुद्ध जाणारा पुरावाही चोख असला पाहिजे, अशा हट्टाचा तो माणूस. “वादळी दिवसांत एखाददुसरा ठिपका खाली येतो, डबी जरा रुसते. पण सत्तेचाळीसचे बेचाळीस, पाच ठिपके? पाच कधीच नाही. चाळीस वर्षांत नाही.” तो स्टुलावर बसला. “ट्राउगोट म्हणतो ते खरं असेल. मी मोजली असेन, चुकीचं लिहिलं असेन, आणि सगळं विसरलो असेन. असं होतं म्हणे. ज्याला होतं त्याला कळत नाही.”

क्युब्लर टोपी घालून निघून गेला. गेरलिंडे मात्र जागची हलली नाही. ऑयगेनच्या बोलण्यातला एकच तुकडा तिच्या मनात अडकला होता.

“ऑयगेन, वादळी दिवशी का रुसते?”

“कोण जाणे. बायकांसारखं असेल.”

“मूर्खासारखं बोलू नकोस. ऑगस्टपासून तू हाल्डेवर गेलायस? हायडेरोझेच्या घरी?”

“नाव काढू नकोस. एकदा का त्या घरात पाऊल टाकलं, की परत सोडणार नाहीत मला.”

“आणि होखश्टेटनला?”

“या गुडघ्यांनी? मी या दारापुढे गेलेलो नाही.”

गेरलिंडेने चिठ्ठी पाकिटात घातली आणि हवामान खात्यात नोकरीला असलेल्या आपल्या भाच्याला फोन लावला.

४

आपण आकड्याला खरा किंवा खोटा म्हणतो, ते बहुधा उतावीळपणाने. वजनमापे खात्यात गेरलिंडे पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकली होती: नाजूक काटा ज्या गावात जुळवला त्या गावात खरा असतो, तोच डोंगरावर नेला तर खोटे बोलू लागतो, आणि त्यात काट्याचा काही अपराध नसतो. म्हणून आकडा पुढे आला की तिचा पहिला प्रश्न ‘किती?’ असा नसे. तो ‘कुठे?’ असा असे.

नळी मोकळी सोडली की डबीवर काहीच नसते, अशी ऑयगेनसकट सगळ्यांची समजूत. म्हणून तो ‘रिकामा’ आकडा. पण मोकळ्या नळीच्या तोंडाशी सबंध आकाशाची हवा दाटीने उभी असते. ही डबी मुळात दाबच जोखते. मग त्या हवेचा दाब तिला कळल्यावाचून कसा राहील? वादळी दिवशी हवा हलकी होते, आकडा एखाददुसरा ठिपका उतरतो. ऑयगेन ज्याला रुसवा म्हणत होता तो हाच. आणि डोंगर चढत जावे तशी हवा उतरत जाते, वादळ असो वा नसो.

दुपारी भाच्याचा फोन आला. आठ, नऊ आणि दहा ऑक्टोबर. तिन्ही दिवस निरभ्र आणि निवांत, हवेचा दाब जवळजवळ स्थिर. आजच्यापेक्षा किंचित कमी, फार तर पंधरावीस मीटर उंचीचा फरक पडेल एवढाच. वादळाचे नावही नव्हते.

तेव्हा १.४२ हा आकडा त्या तीन दिवसांत वायलरबाखच्या तळाशी कोणालाही मिळणे शक्य नव्हते, मग त्याचे डोके ठिकाणावर असो वा नसो. चिठ्ठी ऑयगेनच्या ओट्यावर लिहिलेली नव्हती. कोणीतरी वर, हलक्या हवेत, डबी मोजली होती.

वर यंत्र आणि पंप बाळगणारा एक माणूस होता. क्युब्लर. सातशे नव्वद मीटर.

गेरलिंडेला तिथेच थांबता आले असते. दुसरा कोणी थांबलाही असता. परंतु ‘वर’ हे काही माप नव्हे. किती वर, हे मोजल्याशिवाय एखाद्या माणसाला खोटे ठरवणे तिच्या हिशेबात बसत नव्हते. तिने हायडेरोझेला फोन केला.

“उद्या बैठकीला वर जाशील तेव्हा मला खालून घेऊन जा. डॉक्टरांनाही घे. वाटेत मला एक पाहायचं आहे.”

“काय पाहायचंय, मावशी?”

“ते वाटेतच कळेल.”

५

शनिवारी तीन वाजता हायडेरोझेची गाडी घाटाला लागली. डॉक्टर पुढे बसले होते. मागे गेरलिंडे, तिच्या मांडीवर ती डबी, नळी मोकळी, आणि शेजारी ऑयगेनचे यंत्र, बॅटरीवर चालणारे.

“डॉक्टर, तुम्हाला एक काम. मागे वळून आकडा मोठ्यानं वाचत राहा. डबीला कोणी हात लावत नाहीये, हेही बघत राहा.”

“दंतवैद्याला साक्षीदार केलंत? बरं. एक पॉइंट सत्तेचाळीस.”

गिरणी मागे पडली. पहिले वळण आले.

“शेहेचाळीस. अहो, हलला! पंचेचाळीस. हे काय, डबीला भूक लागली का?”

“वाचत राहा.”

रस्ता बीचच्या झाडीत शिरला. तांबूस पानांचा खच दोन्ही कडांना पडला होता. हायडेरोझेच्या हातांची पकड स्टिअरिंगवर घट्ट झालेली गेरलिंडेला मागून दिसत होती. वडिलांनी शिकवलेल्या मुलीला एवढ्यावरूनच सगळे उमगले असणार. डॉक्टरांना मात्र लहान मुलासारखी मौज वाटत होती.

“चव्वेचाळीस… त्रेचाळीस. त्रेचाळीसवर रेंगाळलाय. आता आपली हाल्डे आली. हा आला बेचाळीस! एक पॉइंट बेचाळीस, बाई! चिठ्ठीवर हाच होता ना? बघा, हायडेरोझेबाई, तुमचंच दार!”

गाडी हायडेरोझेच्या घरासमोर आली आणि थांबली. कोणी थांबायला सांगितले नव्हते.

“चल,” गेरलिंडे शांतपणे म्हणाली. “अजून माथा राहिलाय. क्युब्लरलाही त्याचा आकडा मिळायला हवा.”

उरलेल्या घाटात डॉक्टरांनीसुद्धा आकडे खालच्या आवाजात वाचले. कोठाराच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा यंत्रावर १.३७ होते. क्युब्लर टोपी हातात घेऊन सामोरा आला. आत मंडळी सफरचंदाची आंबूस वाईन ओतून घेत बसली होती.

“ट्राउगोट, तुम्ही सुटलात,” गेरलिंडे म्हणाली. “तुमच्या कोठारात ही डबी सदतीस दाखवते. ऑयगेनच्या ओट्यावर सत्तेचाळीस. चिठ्ठीवरचा बेचाळीस फक्त हाल्डेवर मिळतो.”

“हाल्डेवर तर मी राहतो,” डॉक्टर गोंधळून म्हणाले.

“राहता. पण ज्या माणसाला डबी चांगली आहे असं लिहायचंय, तो तिथे ‘उचलते’ असं का लिहील? ज्याच्या तोंडात ‘हेप्ट’ म्हणजे ‘धरते’, त्याच्याच हातून तो शब्द लिहिला जातो. शिवाय ऑयगेनचा सात आणि ऑयगेनचा चार ज्याच्या बोटांत लहानपणापासून बसलाय, त्याच्याच हातून.”

हायडेरोझे गाडीतून उतरली नव्हती. काच मात्र तिने खाली केली होती.

“मी मोजली,” ती म्हणाली. “स्वयंपाकघराच्या टेबलावर. बाबांचं जुनं यंत्र आहे माझ्याकडे. पंप मारला तर पोकळी टिकेना. दुसरा आकडा मिळावा म्हणून सारखा पंप मारत राहिले. डबी गेलेली आहे हे मला ठाऊक होतं.”

“आणि चिठ्ठीवर ‘धरते’ लिहिलंस.”

“तेवढंच खोटं लिहिलं. मंडळानं यंत्र काढून घेतलं असतं, बाबा कागदावर सही करून गरम खोलीत राहायला गेले असते. गाडी घरासमोर दोनदा आचके देईल आणि बंद पडेल, एवढंच मला वाटलं होतं. रूळ माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही.” तिने डॉक्टरांकडे पाहिले आणि मान खाली घातली.

“एक सांग,” गेरलिंडे म्हणाली. “मोजलीस कशाला? बाबांच्या शेकडो चिठ्ठ्या तू पाहिल्यास. कुठलाही आकडा ठोकून दिला असतास तर मला काही सापडलं नसतं.”

हायडेरोझेला प्रश्नच कळला नाही असे क्षणभर वाटले.

“न मोजलेला आकडा?” ती म्हणाली. “चिठ्ठीवर?”

क्युब्लरने घसा खाकरला. “आत एकवीस माणसं बसलीत. मी काय सांगू त्यांना?”

“तासभर वाईन पाजा,” गेरलिंडे म्हणाली. “हे ऐकायचा पहिला हक्क खाली बसलेल्या माणसाचा आहे.”

६

ऑयगेन ओट्याशी बसला होता. कोट घातलेला, टाय बांधलेला. निकाल ऐकायचा तर नीटनेटके असावे म्हणून. त्याच्यापुढे कागदांची चळत होती.

“बाबा,” हायडेरोझे दारातूनच म्हणाली, “ती डबी तुमच्याकडे आलीच नव्हती. मी आणलीच नाही. चिठ्ठी मी लिहिली.”

ऑयगेनने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“म्हणजे मी विसरलो नव्हतो.”

“नाही.”

“पुन्हा सांग.”

“तुम्ही काहीच विसरला नव्हता, बाबा.”

त्याने समोरची चळत पालथी घातली. कागदांवर नावांच्या यादीमागून यादी होती. “शाळेत माझ्या वर्गात एकतीस मुलं होती,” तो गेरलिंडेला म्हणाला. “तीन आठवडे रोज उठल्याबरोबर सगळ्यांची नावं लिहून काढतोय. रोज एकतीस भरतात. तरी मनात येई, कदाचित बत्तीस असतील, आणि बत्तिसावा कायमचा पुसला गेला असेल.”

हायडेरोझे रडू लागली. त्याने तिला रडू दिले. जवळ घेतले नाही आणि घालवूनही दिले नाही. त्याच्या पडण्याबद्दल, पाच तासांबद्दल ती तुटक तुटक बोलत राहिली, आणि ते मात्र त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. तिची भीती खोटी होती असे त्याला म्हणता येत नव्हते, आणि म्हणावेसेही वाटत नव्हते.

“लोरेन्झेनबाई रुळावर होत्या,” तो अखेरीस म्हणाला.

“हो.”

“आधी त्यांच्याकडे जायचं. मग क्युब्लरच्या कोठारात. सगळ्यांसमोर, तुझ्या तोंडानं.”

“जाते.”

“आणि ते गळ्यात अडकवायचं बटण, दाबलं की दवाखान्यात घंटा वाजते ते. उन्हाळ्यात तू आणत होतीस, मी नको म्हणालो होतो. आता घालीन. तळघराच्या जिन्याला कठडाही लावून घेईन. तू म्हणत होतीस त्यातलं एवढं बरोबर होतं.”

तिने डोळे पुसले. मग जपून विचारले, “बटण पुढच्या आठवड्यात येताना आणू?”

“पुढच्या आठवड्यात येऊ नकोस,” ऑयगेन म्हणाला. “त्याच्या पुढच्या ये.”

“आणि बटण, बाबा?”

“टपालानं पाठव.”